देशी झाड आणि इथलं झाड : पुरंदरच्या माळावरची आमची चार-पाच वर्षं

पहिल्या वर्षी आम्ही ६० रोपं लावली आणि पुढच्या मे महिन्यात मोजली तेव्हा ९ जिवंत होती, त्या नऊमधली सात करंजाची.

जागा पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे, २२ गुंठे. सासऱ्यांनी कधीतरी घेतलेली, थोडे दिवस बाजरी-मटकी पेरली असेल, मग वीसेक वर्षं तशीच पडून. वरच्या बाजूचा तुकडा तर सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणूनच लागलाय. २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही ठरवलं की इथे झाडं लावायची आणि लावायची तर देशीच, गुलमोहर नको, निलगिरी नको, सुबाभूळ तर नकोच नको. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की देशी म्हटलं की निम्मं काम झालं. पुण्यातल्या एका नर्सरीत जाऊन "देशी झाडं हवीत" म्हटलं, त्यांनी भराभर काढून दिली, बकुळ, सीताअशोक, कदंब, सप्तपर्णी, थोडे करंज, दोन कडुनिंब. सगळी आपलीच झाडं आहेत ही, त्यात खोटं काहीच नव्हतं. जुलैत लावली, शेणखत घातलं, दिवाळीनंतर दर आठवड्याला टँकर मागवून पाणी दिलं. म्हणजे हेळसांड झाली असं अजिबात नाही. तरी फेब्रुवारीपासून एकेक पानं करपायला लागली, कडेनं तपकिरी व्हायची मग आत सरकत जायचं, आणि सीताअशोक तर मार्च संपायच्या आत सगळे गेले.

शेजारच्या मळ्यातले आबा, वय सत्तरच्या पुढे, ते बांधावर उभे राहून हे सगळं बघत होते. एक दिवस मीच जाऊन विचारलं, आबा, काय चुकतंय हो? ते म्हणाले, "ताई, ही झाडं तुमी आपल्याकडं कुठं बघितलीत का? बांधाला, वढ्याला, डोंगराला, कुठं तरी?" आणि मला एकही जागा सांगता येईना.

त्या एका प्रश्नानं माझं डोकं फिरलं, म्हणजे चांगल्या अर्थानं. घरी आल्यावर पावसाचे आकडे काढून बसले. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास, तोही धड नाही. घाटमाथ्यापासून पूर्वेला सरकत गेलं की साठ-सत्तर किलोमीटरमध्ये एवढा फरक पडतो. बकुळ काय, सीताअशोक काय, ही घाटातली, कोकणातली, ओल्या सावलीतली झाडं. सीताअशोक तर रानात ओढ्याकाठी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो आणि मी त्याला नेऊन उघड्या मुरमावर एप्रिलच्या उन्हात उभं केलं होतं. महाराष्ट्राचं झाड म्हणजे पुरंदरचं झाड नव्हे हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. आणि उलटंही आहे बरं का, सासवडकडे जिकडे बघाल तिकडे सीताफळ, लोकांना वाटतं हे इथलंच, पण सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं. छान येतं, लोकांचं पोट त्यावर चालतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण ते या मातीतलं झाड नाही.

मग आम्ही २०२२ च्या पावसाळ्यात काहीच लावलं नाही. घरच्यांना हे पटायला वेळ लागला, कारण पावसाळा आला की हात शिवशिवतात आणि एक वर्ष फुकट जातंय असं वाटतं. पण ते वर्ष मी फक्त जागा बघण्यात घालवलं आणि आज कोणी मला विचारलं की कुठून सुरू करू तर मी हेच सांगेन की आधी एक अख्खं वर्ष नुसतं बघा.

काय बघायचं तर पहिलं माती. मी सात ठिकाणी दोन-दोन फुटांचे खड्डे घेतले, म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला, वरच्या बाजूला तर पहारीला अर्ध्या फुटावर कातळ लागला. मधल्या भागात फूट-दीड फूट तांबूस माती आणि खाली मुरूम, आणि खाली ओघळीच्या बाजूला तीन फूट काळी माती. २२ गुंठ्यात तीन वेगळ्या जमिनी! मग प्रत्येक खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि घड्याळ लावून बसले. मुरमाच्या खड्ड्यातलं वीस मिनिटांत गायब, काळ्या मातीतलं दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाला होतं. काळ्या मातीत पांढरे बारीक खडे होते, त्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं, म्हणजे चुनखडी. माती तपासायला दिली तर रिपोर्टमध्ये पीएच ८.१ आला. अशा चुनखडीच्या मातीत बऱ्याच झाडांना लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते मी कदंबावर बघितलेलं होतं आणि खत कमी पडलं असं समजून अजून शेणखत घालत बसले होते.

दुसरं वारं. जून-जुलैत आमच्याकडे पश्चिमेचा वारा असा असतो की छत्री धरता येत नाही, पाऊस कमी आणि वाराच जास्त. वरच्या कडेला उंच सडपातळ रोप टिकणंच शक्य नाही. तिसरं पाणी कुठून येतं कुठे जातं, हे मोठ्या पावसात रेनकोट घालून तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही, मी दोनदा राहिले. चौथं म्हणजे गुरं-शेळ्या कुठून येतात. आणि पाचवं वणवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पलीकडच्या डोंगराला कोणीतरी आग लावतंच आणि ती वाऱ्याबरोबर आमच्या माळापर्यंत येते.

हे सगळं एकीकडे आणि दुसरीकडे माझी वही. जागेपासून साधारण पाच किलोमीटरच्या आत कोणतं झाड कुठे आपणहून उभं आहे ते लिहायचं, लावलेलं नाही, आपणहून आलेलं. बांध, ओढा, डोंगरउतार, म्हसोबाच्या ठाण्याभोवतीची झाडी, जुन्या विहिरीचे काठ. देवराईचं महत्त्व माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात अभ्यास करून दाखवून दिलं ते आपण ऐकलेलं असतं, पण आमच्या भागात मोठी देवराई नाही, देवाच्या नावानं राखलेली दहा-बारा झाडं असतात एवढंच, तरी तिथे जे दिसतं ते बाहेर कुठे दिसत नाही. ही वही मुद्दाम एप्रिल-मे मध्ये भरायची. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, काही कळत नाही, पण मे मध्ये थेंबभर पाणी न देता जे उभं आहे तेच खरं तिथलं. आणि मार्च ते मे बरीच झाडं फुलावर असतात त्यामुळे ओळखायलाही सोपं, पळस, पांगारा, नंतर बहावा, लांबूनच दिसतात.

ओळखण्यात चुका भरपूर झाल्या. मोबाईलवरच्या ॲपनं हिवराला बाभूळ सांगितलं, आणि खरं सांगायचं तर काटे बघून मलाही तसंच वाटलं असतं. पण हिवराची साल पांढुरकी-पिवळट असते, बाभळीची काळपट आणि चिरा पडलेली, बाभळीचं फूल पिवळंधमक गोंड्यासारखं आणि हिवराचं मळकट पांढरं, ते पावसाळ्यात येतं. एकदा कळलं की परत चूक होत नाही. नावांचा घोळ वेगळाच, एकाच झाडाला कोणी मोई म्हणतं कोणी शिमट, आबा तिसरंच म्हणतात, त्यामुळे मी फोटो, पान, शेंग, आणि सांगणाऱ्यानं सांगितलेलं नाव असं सगळं एकत्र ठेवायला लागले.

वर्षाच्या शेवटी वहीत ३७ नावं होती आणि त्यांच्यापुढे माती. डोंगराच्या खडकाळ उतारावर सालई, मोई, खैर. मुरमाड माळावर हिवर, हेकळ, तरवड, बोर. तांबूस मातीत आपटा, पळस, मेडशिंग, बहावा. काळ्या मातीच्या बांधावर बाभूळ, आणि ओढ्याला करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी. ही यादी बघितल्यावर आमच्या तीन तुकड्यांत काय जाणार हे जवळजवळ आपोआपच ठरलं, मला फार डोकं लावावं लागलं नाही. आणि पहिल्या वर्षीचे सात करंज का जगले तेही कळलं, योगायोगानं ते खाली ओघळीजवळ लावले गेले होते.

यादीतून काही नावं मी काढली आणि काही बाहेरची आवडूनही घेतली नाहीत. अंजन मला फार आवडतो, खानदेशातली अंजनाची रानं बघितलेली आहेत, कोरड्या जमिनीचं झाड आहे, कदाचित आलाही असता. पण माझ्या पाच किलोमीटरमध्ये एकही आपणहून आलेला अंजन दिसला नाही म्हणून नाही लावला. यावर आमच्या घरात बरंच वाजलं, आमचे हे म्हणत होते एवढं काय कडक सोवळं, आणि ते तसं बरोबरही असेल, पण २२ गुंठ्यात सगळं मावणार नाही, मग जे आधीपासून इथे आहे त्याला आधी जागा. कडुनिंब पक्षी बिया टाकून आपोआप येतोच आहे, तो मुद्दाम लावला नाही. गिरिपुष्प लावा, पटकन हिरवं होईल, जनावरं खात नाहीत, असं सांगणारे बरेच भेटले. होतं पटकन हिरवं, पण ते मध्य अमेरिकेतलं झाड, आणि पुण्याच्या टेकड्यांवर त्याची गर्दी झाली की खाली गवत आणि इथली झुडपं कशी मागे हटतात ते मी रोज फिरायला जाते तिथेच बघते. मला ते नको होतं.

आता सगळ्यात अवघड निर्णय, तो वरच्या तुकड्याचा. साधारण आठ गुंठे, अर्ध्या फुटावर कातळ. माझ्या डोक्यात सुरुवातीला होतं की जेसीबीनं मोठे खड्डे घेऊ, बाहेरून माती आणून भरू, तिथेही झाडं लावू. पण त्या रिकाम्या वर्षात शेळ्या आत येणं आम्ही बंद केलं होतं, आणि सप्टेंबरमध्ये त्या तुकड्यावर गवत आलं, गुडघ्याएवढं. कुसळी तर होतीच, ऑक्टोबरमध्ये तिची कुसं साडीत अशी घुसतात की काढता काढता संध्याकाळ होते. पण मध्ये मध्ये पवन्या दिसला, खालच्या अंगाला मारवेल. आबांनी ती काडी हातात घेऊन दाताखाली धरली आणि म्हणाले, "पवन्या हाय ह्यो! आमच्या ल्हानपणी हितं सगळा ह्योच व्हता, म्हशी ह्याच्यावर दूध द्यायच्या." चराईखाली दबलेलं गवत इतकी वर्षं मुळाशी, बियांशी होतंच तिथे. टिटवीनं त्याच वर्षी उघड्या मुरमावर चार अंडी घातली होती, खड्यांच्या रंगाची, पायाखाली यायची राहिली.

तेव्हा मला लक्षात आलं की हा तुकडा रिकामा नाहीच. पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा सगळा भाग असा माळरानाचा, गवत आणि त्यात लांब लांब एखादं हिवर-बोर. चिंकारा, लांडगा, चंडोल, माळटिटवी यांचं घर तेच. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे ते चिंकाऱ्यासाठीच, आणि तिथे गेलात तर दाट जंगल नाही, माळरान दिसेल. आपण मात्र सातबाऱ्यावर पोटखराबा वाचतो आणि खड्डे खणायला घेतो. झाडं नाहीत म्हणजे ओसाड, ही समजूत शाळेपासून इतकी मुरलेली आहे की मला ती सोडायला फार त्रास झाला, झाडं लावायला जागा घेतली आणि त्यातल्या आठ गुंठ्यात गवत राखायचं म्हणजे काहीतरी कमी केल्यासारखं वाटत होतं. आता वाटत नाही. त्या आठ गुंठ्यात आम्ही फक्त आठ झाडं धरली, पाच हिवर, दोन बोर, एक खैर, तीही कातळाला जिथे भेग आहे आणि थोडी माती साठलीय तिथेच, आणि कडेनं तरवड-हेकळ. बाकी गवत.

रोपं मिळवणं हा एक स्वतंत्र उद्योग. हिवर, मेडशिंग, हेकळ कुठल्याच नर्सरीत मिळाली नाहीत, कोणी मागतच नाही तर ते तरी कशाला ठेवतील. म्हणून बिया गोळा केल्या. मेडशिंगाची शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वाकडी, नाव त्यावरूनच, ती उकलली की आतल्या पापुद्र्यासारख्या बिया वाऱ्यावर जातात, म्हणून उकलायच्या आत शेंग काढायची. बहाव्याचं बी दगडासारखं, तसंच पेरलं तर वर्षभर हलत नाही, मी प्रत्येक बी पॉलिश पेपरवर एका बाजूनं घासून रात्रभर पाण्यात टाकलं, सकाळी जे फुगलं तेच पेरलं. बाभळीचं आबांनी शिकवलं, शेळ्या शेंगा खातात आणि बी रवंथ करताना किंवा लेंड्यांतून बाहेर पडतं, त्यांच्या वाड्यात झाडून जे बी मिळतं ते झाडावरच्या बियांपेक्षा चांगलं उगवतं. मी दोन तास वाडा झाडून चाळणीनं चाळून मूठभर बी आणलं आणि खरंच भराभर उगवलं ते. पळसाच्या चपट्या शेंगा मे मध्ये गोळा करून लगेच जूनमध्ये जागेवरच पेरल्या, पिशवीत नाही केल्या, कारण त्याचं मूळ सरळ खाली जातं आणि पिशवीत ते वळलं की झाड कायमचं दुबळं राहतं.

लागवड जून-जुलै २०२३. एकूण ४५ जागा, वर ८, मध्ये २४, खाली १३. रोपं वीतभर ते फूटभरच, मोठी आणलीच नाहीत. शेणखत जेमतेम, बाहेरची माती नाही. भोवती तोडलेल्या बोरी-बाभळीच्या फांद्यांचं काटेरी आळं, तारेच्या जाळीपेक्षा स्वस्त आणि शेळी तोंड घालत नाही. पूर्वेच्या बांधापासून १५ फूट आत सगळं, कारण शेजाऱ्यांच्या ज्वारीवर सावली पडली की भांडण ठरलेलं, ते आधीच बोलून घेतलेलं बरं.

आणि नेमका त्याच वर्षी पाऊस गेला. सरकारनं राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात पुरंदर होता. टँकरला नंबर लागेना आणि झाडांसाठी टँकर मागायचा मला धीरही होईना, माणसांना पाणी नव्हतं. प्रत्येक रोपाजवळ तळाला बारीक भोक पाडून त्यात सुताची वात घातलेलं एक मडकं पुरलं होतं, त्यात दर दहा-बारा दिवसांनी चार लिटर, एवढंच दिलं, पुण्याहून गाडीत कॅन भरून नेऊन. एप्रिलमध्ये पळसाची सगळी रोपं वरून वाळून काडी झाली. मी एक उपटणारच होते, आबांनी हात धरला, म्हणाले, "र्‍हाऊ द्या ताई, खाली जित्तं हाय." आणि जून २०२४ मध्ये पहिल्या पावसानंतर आठवड्यात अकरापैकी नऊ काड्यांच्या बुडातून तांबूस कोवळी पानं फुटली. पळस असाच वाढतो, पहिली काही वर्षं वरचं दरवर्षी मरतं आणि खाली मूळ जाड होत जातं, मग एक वर्ष झाड वर निघतं. हे माहीत नसल्यामुळे किती लोकांनी जिवंत पळस उपटून टाकले असतील कोण जाणे.

तिसऱ्या वर्षापासून पाणी बंद केलं. आज ४५ पैकी ३४ उभी आहेत. हिवर माझ्या डोक्याच्या वर गेलेत, बहावे कमरेएवढे. बहाव्याची पानं दर पावसाळ्यात अळ्या साफ करतात, पहिल्यांदा मी घाबरले, कोणीतरी औषध मारा म्हणालं, नाही मारलं, पंधरा दिवसांत त्या अळ्यांची फिक्या पिवळ्या रंगाची फुलपाखरं झाली आणि पानं परत आली. गवत नोव्हेंबरमध्ये बी झडल्यावर आबा कापून नेतात, आणि जानेवारीत वणवा आत येऊ नये म्हणून सगळ्या कडेनं दहा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा करतो, हे काम एका वर्षीही चुकवायचं नाही.

जी अकरा गेली त्यातली सहा एकाच जागची आहेत, खाली नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातली. तिथे जांभूळ आणि बाभूळ दोनदा लावली, दोनदा गेली. २०२५ ला मे मध्येच जो पाऊस सुरू झाला तेव्हा त्या कोपऱ्यात तीन आठवडे घोट्याएवढं पाणी उभं होतं, आणि मग उन्हाळ्यात तीच माती हात जाईल एवढी भेगाळते. त्या रिकाम्या वर्षाच्या निरीक्षणातही हा कोपरा माझ्याकडून सुटला कारण २०२२ ला मी उभी होते ती वरच्या बाजूला. आता तिथे लव्हाळा आपणहून आलाय आणि ओघळीच्या काठावरची निर्गुडी दरवर्षी हातभर त्या दिशेला सरकतेय. या जूनमध्ये तिच्याच फांद्या तोडून चार-पाच तिथे खोचणार आहे, बाकी काही नाही, बघू काय म्हणतोय तो कोपरा.